विंचचा दोर पुन्हा पुन्हा एकाच जागी तुटतोय? आधी हुकापासूनचं अंतर मोजा

नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एमआयडीसीत गेल्या उन्हाळ्यात आम्ही एका कारखान्याच्या चौदा मशिनी जुन्या शेडमधून नव्या शेडमध्ये हलवत होतो. सगळ्यात जड प्रेस २२ टनांची. पाच आठवड्यांच्या त्या कामात मशिनी ओढणाऱ्या विंचचा (ड्रमवर दोर गुंडाळून ओझं ओढणाऱ्या यंत्राचा) १६ मिमीचा वायर रोप, म्हणजे पोलादी तारांचा दोर, तीनदा तुटला. पहिला पाचव्या मशिनीला, दुसरा नवव्या आणि तिसरा बाराव्या. दर वेळी नवा दोर आणला होता. मध्ये दुकानही बदललं. तिसरा दोर तर टेस्ट सर्टिफिकेट पाहून घेतला होता. तोच सगळ्यात लवकर गेला.

तिसऱ्या वेळी तुटलेलं टोक आमच्या एका हेल्परच्या पोटरीला लागलं. अकरा टाके पडले. दोर थोडा वरून गेला असता तर गुडघा गेला असता. त्या दिवशी काम बंद केलं आणि तीन दिवस फक्त शोध घेतला. तो शोध इथे लिहितो, कारण हिंगण्याला, कळमेश्वरला, मौद्याला काम करणाऱ्या निदान तिघा-चौघांनी मला नेमकं हेच सांगितलंय: दोर बदलला तरी तुटतो, आणि कशानं तुटतो ते कळत नाही. विंच असो, टर्फर (हातानं दोर ओढायचं यंत्र) असो, चेनकुप्पी (साखळीची कप्पी) असो की फसलेला ट्रक ओढायचा दोर, हिशेब हाच लागतो.

कागदावर सगळं बरोबर होतं

मांडणी साधी होती. पाच टनांची इलेक्ट्रिक विंच एका बाजूला, तिथून दोर शेडच्या कोपऱ्यातल्या कॉलमकडे, कॉलमच्या बुडाशी स्लिंग (बांधायचा पट्टा किंवा दोर) आणि डी-शॅकलनं (पिन लावून बंद होणाऱ्या कडीनं) बांधलेली कप्पी, कप्पीवरून दोर काटकोनात वळून मशिनीकडे. मशीन लोखंडी प्लेटांवर, पाइपच्या रोलरवर.

पाइप रोलरवरची मशीन सपाट प्लेटवर एकदा चालायला लागली की वजनाच्या ३ ते ५ टक्के ओढीत चालते. २२ टनांना म्हणजे साधारण एक टन. १६ मिमीचा चांगला दोर पंधरा टनांच्या आसपास तुटतो, आणि पाचपट राखून वापरायचा म्हटलं तर तीन टनांपर्यंत बिनधोक. एक टनाच्या ओढीला तीन टनांचा दोर. कामापूर्वीच्या जोखीम तपासणीच्या कागदावर मी हेच लिहिलं होतं आणि खाली सही केली होती.

म्हणून तुटल्यावर सगळ्यांचं बोट दोराकडे गेलं. मुकादम म्हणाला, "माल बेकार येऊन राहिला भाऊ, पहिलेसारखा दोर राहिला नाही आता." मलाही ते पटलं. नव्या दोराची मागणी दोनदा मीच लिहून दिली. मूळ कारण हाताशी असताना आम्ही दोन दोर आणि एका पोराची पोटरी खर्ची घातली, याचं मला अजून वाईट वाटतं.

हुकापासून किती लांब?

आमच्या गँगमध्ये एक म्हातारे खलाशी (जड सामान हलवणारे कारागीर) आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. कोराडी-खापरखेड्याकडे वीज केंद्रांच्या उभारणीत त्यांची उमर गेली. ते त्या दिवशी सुट्टीवर होते. दुसऱ्या दिवशी आले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "हुकापासून किती लांब तुटला जी?"

कुणालाच माहीत नव्हतं. तुकडे मात्र भंगारात पडलेले होते. तिन्ही दोरांचे हुकाकडचे तुकडे ओढून काढले, जमिनीवर सरळ पसरले, टेप लावला. १८.४ मीटर, १८.१ मीटर, १८.६ मीटर.

माल खराब असता तर दोर तीन ठिकाणी तुटला असता. तीन वेगवेगळे दोर अर्ध्या मीटरच्या आत तुटतात, म्हणजे त्या जागी त्यांच्याबरोबर काहीतरी एकच घडत होतं. मग कप्पीपासून मशिनीच्या वाटेवर १८ मीटर मोजत गेलो. टेप संपला तिथे जुन्या शेडचं काँक्रीट संपतं आणि नवं सुरू होतं. दोन्हींच्या पातळीत जेमतेम आठ मिमीचा फरक, आणि मध्ये एक फट.

पुढचा रोलर त्या फटीत उतरायचा आणि मशीन अडायची. प्रत्येक मशीन तिथेच अडत होती, हे आम्ही रोज पाहत होतो. अडली की ऑपरेटर बटण दाबायचा-सोडायचा, दाबायचा-सोडायचा, आणि पंधरा-वीस झटक्यांत मशीन उसळून बाहेर यायची. सगळ्यांना वाटायचं, निघाली बाबा एकदाची. त्या वेळी हुकापासून १८ मीटरवरचा दोराचा तोच वीतभर भाग कप्पीच्या वळणात बसलेला असायचा. सगळे झटके त्याच वीतभर दोरानं खाल्ले.

कप्पी उघडली तर आणखी एक गोष्ट निघाली. चाक १०० मिमीचं, आणि त्याची खाच कधीकाळी १२ मिमीच्या दोरानं झिजून अरुंद झालेली. १६ मिमीचा दोर त्यात बसत नव्हता, चेपला जात होता. खाचेच्या दोन्ही कडांवर दोराच्या पेडांचे ठसे उमटलेले होते. शिवाय १६ मिमीच्या दोराला १०० मिमीचं चाक फारच लहान. दोराच्या जाडीच्या निदान अठरापट चाक असावं, म्हणजे इथे ३०० मिमीच्या घरात. चाक जितकं लहान तितक्या बाहेरच्या तारा जास्त ताणल्या जातात आणि आतल्या एकमेकींवर घासतात. दोर स्वतःच्याच जाडीएवढ्या गोलाईवर वाकवला तर त्याची जवळजवळ निम्मी ताकद तिथेच जाते. लोक शॅकलच्या पिनवरून किंवा अँगलच्या कडेवरून थेट दोर वळवतात तेव्हा हेच घडतं.

तुटलेली जागा काय सांगते

आता आम्ही दर वेळी मोजतो, म्हणून त्यावरून काय कळतं ते इथेच लिहून ठेवतो. हुकापासून ठरावीक अंतरावर तुटतोय तर वाटेतली एखादी अडचण आणि कप्पी, अशी जोडी शोधा, आमच्यासारखंच निघेल. अगदी हुकाजवळ, डोळ्याच्या (दोर दुमडून केलेल्या फाशाच्या) मुळाशी तुटतोय तर यू क्लॅम्प पाहा. क्लॅम्पचं खोगीर (खाचेचा लोखंडी तुकडा) ताणाच्या बाजूच्या दोरावर आणि यू-बोल्ट मोकळ्या शेपटीवर यायला हवा. उलटा लावला की बोल्ट ताणाचाच दोर चेचतो. १६ मिमीला कमीत कमी तीन क्लॅम्प, दोन क्लॅम्पमध्ये जाडीच्या सहापट म्हणजे दहा सेंटिमीटर अंतर, आणि पहिला ताण दिल्यावर नट पुन्हा कसायचे. हे पुन्हा कसणं नव्वद टक्के लोक विसरतात असं माझं पाहणं आहे. दोर ताणला की बारीक होतो आणि क्लॅम्प ढिले पडतात.

ड्रमजवळ तुटतोय तर गुंडाळी तिरपी बसतेय, वरचा वेढा खालच्यात रुततोय. ड्रमवर किमान तीन-चार वेढे कायम राहायलाच हवेत, नाहीतर सगळा भार शेवटच्या खिळपट्टीवर येतो. आणि कुठेही, कसाही तुटतोय, आतून तांबूस पूड निघतेय, तर मात्र दोर खरंच मेलेला आहे.

अडलेल्या मशिनीचं वजन किती?

बारावी मशीन अजून फटीतच अडकलेली होती. आम्ही डिजिटल लोड सेल (ताण मोजायचं उपकरण) भाड्यानं आणला, मशीन आणि हुक यांच्यामध्ये लावला, मोठी कप्पी बसवली, सगळ्यांना शेडबाहेर काढलं आणि विंच हळूहळू ओढली. आकडा १.२ वरून २, ३, ४ टनांवर गेला. मशीन हलली नाही. चार टनांवर थांबवलं आणि ढील दिली. झटका मुद्दाम देऊन पाहिला नाही, त्याची गरजच उरली नव्हती. जो जोर हळूहळू लावल्यावर चार टन ताण देतो तोच एकदम लावला तर सुरुवातीच्या क्षणाला ताण दुपटीपर्यंत जाऊ शकतो. मोटर, गिअर आणि दोर मिळून थोडं खाऊन टाकतात, तरी सहा टन धरायला हरकत नव्हती.

माझ्या कागदावरची चूक तिथे उघडी पडली. मी मशिनीचं वजन विचारलं होतं. मशीन चालती असेपर्यंत दोरावरचा ताण तिच्या वजनावरून आणि रोलरवरून ठरतो. ती अडली की दोराच्या एका टोकाला जणू भिंत बांधलेली असते, आणि मग ताण ठरतो तो फक्त विंचच्या ताकदीवरून. वजन अर्ध्या टनाचं असो की बावीस टनांचं. म्हणून आता मी तपासणीच्या कागदावर सगळ्यात वर विंच बंद पडेपर्यंत जास्तीत जास्त किती ओढू शकते तो आकडा लिहितो आणि दोर, शॅकल, स्लिंग, कॉलम सगळं त्या आकड्याशी ताडून पाहतो. त्याला पुरत नसेल तर विंचचा ओव्हरलोड (किती ताणावर ती आपोआप बंद पडावी ती मर्यादा) खाली आणायचा. आमच्या विंचचा ओव्हरलोड कुणीतरी कधीतरी वर करून ठेवला होता, कारण ती "सारखी ट्रिप होत होती". ती ट्रिप होत होती तेव्हाच त्या सांध्याकडे पाहायला हवं होतं.

इथे एक बारकावा आहे, तो फार कमी जणांना ठाऊक असतो. विंचवर लिहिलेले पाच टन हे बहुधा ड्रमवरच्या पहिल्या थराचे असतात. वर थर चढत गेले की ड्रम जाड होतो आणि ओढ कमी होते. म्हणजे दोर बराचसा बाहेर असताना, मशीन लांब असताना, विंच सगळ्यात जोरात ओढते. आमचा सांधा नेमका तिथेच होता.

कप्पीवर किती येतं

हा भाग नीट वाचा, कारण दोरापेक्षा मला याची जास्त भीती वाटते.

दोराची दोन्ही अंगं कप्पीला आपल्याकडे ओढतात. त्यामुळे कप्पी जिथे बांधली आहे त्या शॅकलवर, स्लिंगवर, कॉलमवर दोरातल्या ताणापेक्षा जास्त भार येऊ शकतो. दोर जाऊन तसाच समांतर परत येत असेल तर कप्पीवर बरोबर दुप्पट. दोन्ही अंगांमध्ये ६० अंशांचा कोन असेल तर १.७३ पट. काटकोन असेल तर १.४१ पट. १२० अंशांचा मोकळा कोन असेल तेव्हा कुठे भार दोराएवढाच होतो, आणि कोन आणखी उघडला तर त्याहून कमी. म्हणजे कोन जितका मिटलेला तितका कप्पीच्या बांधणीवर भार जास्त.

आमच्या काटकोनात, दोरात सहा टन धरले तर कॉलमच्या शॅकलवर साडेआठ टनांच्या आसपास येत होते. शॅकलवर ठसा होता ४.७५ टनांचा. सोडवायला गेलो तर पिन हातानं फिरेना. पाना लावून काढली तेव्हा ती मध्ये किंचित वाकलेली निघाली. शॅकलची पिन हातानं फिरत नसेल तर तो शॅकल आपली गोष्ट सांगतोय, आणि ती गोष्ट आम्ही इतके दिवस ऐकली नव्हती. त्यातून तो शॅकल तिरपा ओढला जात होता. ४५ अंशांनी तिरपा ओढला तर शॅकलचं बळ ७० टक्क्यांवर येतं, आडवा ओढला तर निम्म्यावर. तीनदा दोर तुटला म्हणून शॅकल वाचला. दोर जरा दणकट आणला असता तर शॅकल जाऊ शकला असता.

आणि शॅकल गेला असता तर काय झालं असतं? लहानपणी ज्यानं गलोल ताणली आहे त्याला लगेच समजेल. विंचपासून मशिनीपर्यंतचा तो काटकोनी दोर म्हणजे ताणलेली गलोल, आणि मध्ये दगडाच्या जागी दहा-बारा किलोची लोखंडी कप्पी. बांधणी सुटली की कप्पी कोनाच्या पोटातून, आतल्या बाजूला, सुसाट जाते. आमचा मुकादम रोज नेमका त्या पोटात उभा राहायचा, कारण तिथून विंच आणि मशीन दोन्ही दिसतात. मीही कितीतरी वेळा उभा राहिलोय.

दोराच्या वळणाच्या आत कधीही, एक मिनिटही, कुणीही उभं राहायचं नाही. यात तडजोड नाही. तिथूनच दोन्हीकडचं दिसत असेल तर सिग्नल देणारे दोन माणसं ठेवा, वॉकीटॉकी घ्या, नाहीतर कप्पीची जागा बदला.

तुटलेला दोर किती जोरानं येतो

"लोखंडी दोर तर जागच्या जागी पडतो, नायलॉनचाच मारतो" असं पुष्कळ जण सांगतात. अर्धं खरं आहे. हिशेब करून पाहू. १६ मिमीचा ४० मीटर दोर पाच टन ताणाखाली साधारण १६ सेंटिमीटर लांबतो. ताणाच्या निम्म्याला या लांबीनं गुणलं की दोरात साठलेली ऊर्जा मिळते: सुमारे चार हजार जूल. पन्नास किलोची सिमेंटची गोणी आठ मीटर उंचीवरून पडली तर जेवढा दणका, तेवढा. तो एका क्षणात, तारा फुटलेल्या टोकाशी मोकळा होतो.

नायलॉनचा रस्सा तुटण्याआधी कित्येक पटींनी जास्त लांबतो, म्हणून त्यात साठणारी ऊर्जाही कित्येक पटींनी जास्त. काळ्या मातीत रुतलेला ट्रक काढायला गावाकडे जाड नायलॉन आणतात आणि सगळं गाव दोन्ही बाजूंना रांगेत उभं राहून बघत असतं. ट्रकच्या हुकाचा बोल्ट उपटला तर तो हुकच गोळीसारखा येतो. पोरांना लांब पाठवणं हे तिथलं पहिलं काम.

दोर कुठे जाईल हे आधी सांगता येईल असं आम्हालाही वाटायचं. आम्ही पिवळ्या रंगानं एक पट्टा आखला होता आणि त्याबाहेर सुरक्षित समजत होतो. त्या हेल्परची पोटरी पट्ट्याच्या बाहेर होती. तुटलेला दोर कॉलमला, मशिनीच्या कोपऱ्याला अडखळला की वळून येतो. जहाजांवरही पूर्वी जहाज धक्क्याला बांधायच्या दोरांजवळ धोक्याची जागा रंगवायची पद्धत होती. नंतर रंगवलेल्या रेषेवर भरवसा ठेवणंच धोक्याचं मानलं जाऊ लागलं आणि दोर ताणलेला असताना सगळा डेकच धोक्याचा धरावा असा विचार पुढे आला. शेडमध्ये आम्ही आता तेच करतो. ताण आहे तोवर ऑपरेटर आणि सिग्नलवाले सोडून आत कुणी नाही. ऑपरेटरसमोर जाड जाळीचा आडोसा. दोर बाहेर जेवढा लांब, त्याहून जास्त अंतरावर बाकीचे सगळे. दोरावर मध्ये ओल्या वाळूचं पोतं टाकतो. त्यानं उसळी कमी होते, पण पोतं आहे म्हणून कुणाला जवळ येऊ देत नाही.

आम्ही काय बदललं

सगळ्यात आधी तो सांधा. फटीवर १२ मिमीची प्लेट टाकली, तिची पुढची कड ग्राइंडरनं उतरती केली आणि प्लेटा एकमेकींवर चढवून वेल्ड केल्या. दोन तासांचं काम. हे पहिल्या मशिनीला केलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

कप्पी ३०० मिमीची, खाच १६ मिमीसाठी कातलेली. कॉलमला साडेआठ टनांचा शॅकल आणि नवी स्लिंग. कॉलमच्या धारदार कडेला फाडलेल्या होज पाइपचं पॅकिंग. कॉलम एवढा आडवा भार घेईल का, हे कारखान्याच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून लेखी घेतलं. हा प्रश्न आम्ही आधी कधी विचारलाच नव्हता. कॉलम वरून येणाऱ्या वजनासाठी बांधलेला असतो, बुडाशी आडवं ओढण्यासाठी नव्हे.

विंचचा ओव्हरलोड दोन टनांवर आणला. आता काटकोनात कप्पीवर जास्तीत जास्त तीन टनांच्या आत येतं, आणि नवा शॅकल निवांत आहे. लोड सेल भाड्याचा परत केला नाही, विकत घेतला. नियम असा केला: आकडा दीड टनाच्या वर गेला की ऑपरेटर थांबतो, पूर्ण ढील देतो, मगच कुणीतरी आत जाऊन काय अडलं ते बघतो. ढील न देता पहार घेऊन रोलर ठोकायला आत शिरणं पूर्णपणे बंद. माझ्या मते आमच्या कामातली सगळ्यात धोकादायक सवय तीच आहे: दोर तारेसारखा टणक ताणलेला आणि माणूस रोलरशी वाकलेला.

बटण दाबून-सोडून झटके देणंही बंद. त्याला सगळ्यात जास्त विरोध झाला, कारण त्यानं काम "निघत" होतं.

दोर रोज कसा पाहायचा

सकाळी, ढिला असताना. हात फिरवायचा नाही. फुटलेल्या तारांना आमच्याकडे कुसळं म्हणतात आणि ती हातमोज्यातून आत जातात. सुती फडकं धरून दोरावरून ओढायचं, जिथे धागा अडकतो तिथे खडूची खूण करायची. मग पेडाचा एक पूर्ण वेढा, १६ मिमीत साधारण दहा सेंटिमीटर, एवढ्या लांबीत किती तारा तुटल्यात ते मोजायचं. कप्पीवरून धावणाऱ्या दोरात एका वेढ्यात सहा तारा तुटलेल्या, किंवा एकाच पेडात तीन, एवढं दिसलं की दोर बाद. व्हर्निअरनं जाडी मोजताना पेडांच्या टेकाडांवर मोजा, खोलगट भागात नाही. १६ चा १४.४ पेक्षा खाली गेला तर बाद. मुरगळलेला, पिंजऱ्यासारखा फुगलेला, वेल्डिंगची ठिणगी बसून निळसर झालेला, हे सगळे लगेच बाद. बाद दोर तिथल्या तिथे तुकडे करून टाका. अख्खा ठेवला तर रात्रपाळीत कुणीतरी वापरतो.

रोजच्या पाहणीबरोबर वर्षाची तपासणी वेगळी. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ नं उचल यंत्रं, साखळ्या, दोर आणि उचलीचं सामान यांची बारा महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी आणि त्याची नोंद, असा दंडक घालून दिला. महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची मान्यता असलेल्या व्यक्ती हे काम करतात. आमच्या त्या कप्पीचं नाव कुठल्याच नोंदवहीत नव्हतं. विंच होती, दोर होता, कप्पी "किरकोळ सामान" होती. आता प्रत्येक शॅकलवर नंबर ठोकला आहे.

शेडबाहेर असाल तर: काळी माती आणि ऊन

उघड्यावर कॉलम नसतो, खुंटी असते. आपल्याकडची काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. फेब्रुवारीत घट्ट ठोकलेली खुंटी मे महिन्यात भेगेत मोकळी उभी असते, आणि जुलैत लोण्यातल्या सुरीसारखी निघून येते. टॉवरचे, होर्डिंगचे, मोठ्या मांडवाचे ताण (आधाराचे दोर) एकदा बसवून सोडून देणाऱ्यांनी पहिल्या पावसानंतर सगळ्या खुंट्या पुन्हा तपासाव्यात. ओल्या मातीत खुंटीची पकड निम्मीच धरा. एका खुंटीवर भागत नसेल तर पुढे तीन, मागे दोन, त्यामागे एक अशा ठोकून पुढचीचा माथा मागचीच्या बुडाशी आवळतात; जुने खलाशी हे अजून हातानं करतात आणि ते पक्कं धरतं. तरी कामाच्या ताणापेक्षा थोडा जास्त ताण आधी देऊन, खुंटीच्या मुळाशी खडूची रेघ मारून ती सरकते का ते पाहिल्याशिवाय मी तरी काम सुरू करत नाही.

वीजवाहिनीच्या तारा ओढणाऱ्यांचा ताणाचा हिशेब हाच, पण शेजारी चालू लाइन असेल तर ओढल्या जाणाऱ्या मेलेल्या तारेतही वीज उतरते. तिथे अर्थिंगची सगळी शिस्त वेगळी आहे. ते काम त्यातल्या प्रशिक्षित माणसाशिवाय करू नका.

उन्हाचं म्हणाल तर नागपूरला मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो, आणि उघड्यावर पडलेला काळा दोर हात लावता येणार नाही इतका तापतो. ग्रीस पातळ होऊन गळतं, आतला तागाचा गाभा सुकतो, आणि पावसाळ्यात त्याच कोरड्या गाभ्यात पाणी शिरून दोर आतून गंजतो. बाहेरून चकचकीत दिसतो. उन्हाळ्यात दोर सावलीत, लाकडावर गुंडाळून ठेवा आणि पावसाआधी पुन्हा ग्रीस द्या.

माणसांचंही तसंच आहे. आमचे तिन्ही दोर दुपारी बारा ते तीनच्या मध्ये तुटले. मशीन अडायची सकाळीही, पण सकाळी पोरं पहार घेऊन, जॅक लावून रोलर नीट करायची. दुपारी कुणात ते त्राण नसायचं आणि ऑपरेटर बटणावर भागवायचा. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागल्यावर आम्ही ओढायचं काम सहा ते अकरा एवढंच ठेवलं. दुपारी फक्त प्लेटा लावणं, रोलर मांडणं, दोर ढिला असतानाची कामं.

आणखी एक बदल केला, तो सगळ्यांत उशिरा सुचला. थांबवायचा अधिकार कुणाचाही. नव्या हेल्परनंही हात वर केला की ऑपरेटर थांबतो आणि का थांबवलं हे कुणी रागावून विचारत नाही. तेराव्या मशिनीला एका पोरानं हात वर केला. मुकादम गुरगुरला, "काऊन बे, काय झालं?" पोरगा म्हणाला, "काही नाही जी, आवाज येऊन राहिला." ढील दिली, पाहिलं. प्लेटेची एक वेल्ड उकलली होती आणि कड उचलत होती. दहा मिनिटांत पुन्हा मारली.

चौदावी मशीन, ती २२ टनांची प्रेस, शेवटी ठेवली होती. सांध्यावरून जाताना लोड सेलवर १.४ टन दिसले. मामा विंचजवळ उभे राहून आकडा मोठ्यानं वाचत होते, आणि वळणाच्या आत कुणीच नव्हतं.